मणक्यानं अडवलेली लघवी

लघवीबद्दल बोलायचं झालं की आमच्या पांढुर्ण्याच्या बायका आवाज उतरवतात. मीही उतरवत असे. शाळेतल्या मैत्रिणीला सांगताना, डॉक्टरीणबाईंना सांगताना. नवऱ्याला सांगताना तर इतका, की त्यांना अर्धं ऐकूच जात नसे. त्या हळू आवाजानं माझं बरंच नुकसान केलं. म्हणून आता हे सगळं मोठ्यानं लिहिते आहे.

मी छाया. सरकारी शाळेत मराठी शिकवते. माझे पती देवानंद नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला आहेत. मुलगी मीनल तेव्हा बारावीला होती. आणि घरात माझ्या सासूबाई होत्या. सगळे त्यांना माय म्हणत, म्हणून लग्नानंतर मीही माय म्हणू लागले. माय आता नाही. ती असती तर तिनं मला हे लिहू दिलं असतं की नाही, कोण जाणे. पण लिहिलेलं वाचून दाखव, असं नक्की म्हणाली असती.

त्या आजारपणाला आता काही वर्षं झाली. खरं तर आठवलं की अंगावर काटा यायला हवा. तसा येतोही. पण त्याच्याबरोबर दुसरंही बरंच येतं. हिवाळ्याचं ऊन, मायच्या हातची सोल्याची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, अंगणात टाकलेली खाट. माणसाला आजारपणाची हुरहूर लागते, हे मला आधी माहीत नव्हतं.

कंबर

माझं माहेर रामाकोना. वडिलांची थोडी शेती, बाकी दुसऱ्याच्या वावरात मजुरी. कापसाच्या दिवसांत शाळा सुटली की आईबरोबर वेचायला जायची. कमरेला ओटी बांधायची आणि वेचलेला कापूस तिच्यात भरत जायचं. ओटी भरत आली की तिचं ओझं कमरेला खाली ओढायचं. संध्याकाळी सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या, आणि सरळ होताना एकमेकींकडे बघून हसायच्या. कंबर दुखणं म्हणजे दिवस संपल्याची खूण होती. तिला कोणी दुखणं म्हणत नसे.

पुढे सौंसरच्या कॉलेजात जायला लागले ती सायकलवर. आमच्या वस्तीतून सायकलनं कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी. सायकल दादाची होती, दांडीची, माझ्यासाठी उंच. सकाळी कन्हान नदीवरून गार वारा यायचा, आणि मी उभ्यानं पायडल मारत निघायची. परत येताना बाजारातून आईसाठी फुटाणे घ्यायची. आजही त्या रस्त्यानं गाडीनं गेले की माझी पाठ आपोआप पुढे वाकते, सायकलवर वाकायची तशी. त्या पाठीवर माझा फार भरवसा होता.

लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, नोकरी लागली, मीनल झाली. कंबर मधूनमधून दुखायची. लेप लावला, गोळी घेतली की कामाला. आई म्हणायची तेच मीही म्हणू लागले, बाईची कंबर दुखणारच.

हळूहळू

त्या वर्षी पावसाळ्यात कमरेतून एक कळ उजव्या पायात उतरू लागली. फळ्यावर लिहिताना पाय बदलत उभी राहायची. मग पाय जड झाला, चप्पल निसटायला लागली. वर्गात एकदा चप्पल मागेच राहिली आणि मी एका पायानं अनवाणी फळ्यापर्यंत गेले. पोरं हसली, मीही हसले.

त्याच सुमारास लघवीचं सुरू झालं. बसलं तरी होईना. नळ सोडून बसायची, पोट दाबायची, तेव्हा थोडी व्हायची. पोट साफ होणंही अवघड झालं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. मांड्यांच्या मध्ये, बसायच्या जागेला, बधिरपणा आला होता. सायकलच्या सीटवर फार वेळ बसलं की येतो तसा. पण सायकल तर मी कित्येक वर्षांत चालवली नव्हती. धुताना स्वतःचा हात स्वतःला लागत नसे. हे सांगायचं कसं आणि कोणाला? मी मनाशी म्हटलं, वय झालं असेल. वय तेव्हा पंचेचाळीसही नव्हतं.

माय म्हणाली, "गरमी झाली तुले. सब्जा भिजवून पीत जा." सब्जा प्याले. शाळेतली मैत्रीण म्हणाली, "पिशवीचं असेल, माझ्या बहिणीलाही असंच होतं." आमच्याकडे पिशवी म्हणजे गर्भाशय. बाईचं कमरेखालचं कुठलंही दुखणं पहिल्यांदा पिशवीच्या नावावर जातं.

नागपूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मी सांगितलं, कंबर दुखते आणि लघवी नीट होत नाही. पायाचं सांगितलं नाही, कारण पायासाठी वेगळा डॉक्टर असतो असं मला वाटत होतं. बधिरपणाचं तर तोंडातून निघालंच नाही. सोनोग्राफीत पिशवीला लहान गाठ दिसली. बाई म्हणाल्या, "गाठ लघवीच्या पिशवीवर दाबत असावी. तुम्हाला आता मूल नको आहे, तर काढून टाकलेली बरी." त्यांचंही काय चुकलं म्हणू? मी जेवढं सांगितलं, तेवढ्यावर त्यांनी सांगितलं.

घरी माय म्हणाली, "माहीही काढली ना. काय झालं मले? वावरात जाऊनच राहिली मी." सगळ्यांना हलकं वाटलं. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं.

त्या दिवाळीत मी अनारसे केले नाहीत, एवढंच. बाकी सगळं केलं. संत्र्याच्या गाड्या गावातून जाऊ लागल्या होत्या, सगळीकडे तो वास. मीनलनं दारात मोठी रांगोळी काढली, आणि मी खुर्चीवर बसून तिला रंग देत राहिले. खाली बसून उठता येत नव्हतं.

भूल देणाऱ्या डॉक्टर

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही नागपूरला गेलो. मी, हे आणि माय. नरखेड, काटोल, ओळखीची स्टेशनं. मायनं डब्यात पोळी आणि वांग्याची भाजी बांधली होती आणि गाडी सुटताच ती सगळ्यांना खायला लावत होती. मला मात्र ऑपरेशनआधी किती खायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून मी नुसता वास घेतला.

दवाखान्यात भरती झाल्यावर दुपारी एक तरुण डॉक्टर आल्या. भूल देणाऱ्या. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, गळ्यात स्टेथोस्कोप. पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार, असं त्यांनी समजावलं आणि मग विचारलं, "ताई, पाठीचा काही त्रास आहे का आधीपासून?"

"कंबर दुखते," मी म्हटलं. "ती तर सगळ्यांचीच दुखते."

"पायात काही?"

मी पायावरची चादर सारखी केली. हे बाजूला उभे होते, ते म्हणाले, "मॅडम, तिची चप्पल निसटून जाते. मी नवीन घेऊन दिली, तर नवीन पण निसटली."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "जरा पाय लांब करा. दोन्ही अंगठे वर उचला."

डावा उचलला. उजवा उचलला असं मला वाटलं, पण बघते तर तो तसाच पडलेला. त्यांनी तो हातात धरला आणि म्हणाल्या, "जोर लावा." मी लावत होते. काहीच होत नव्हतं. माझ्याच पायाकडे मी दुसऱ्याच्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिले.

मग त्यांनी यांना आणि मायला बाहेर पाठवलं, पडदा ओढला, कापसाचा बोळा घेतला. म्हणाल्या, "डोळे मिटा. जिथे लागेल तिथे हो म्हणा." गुडघ्याला हो म्हटलं. मांडीवर हो म्हटलं. मग बराच वेळ काहीच लागलं नाही. मी वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "सुरू केलं का?"

"करूनच राहिले आहे ताई," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "हे बधिर कधीपासून आहे?"

इतके महिने घशात अडलेली गोष्ट मग एकदम बाहेर आली. मी सगळं सांगितलं. हात लागत नाही ते, नळ सोडून बसते ते, संडासचं. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मग माझ्या ओटीपोटावर हात ठेवून विचारलं, "आता लघवी लागली आहे?"

"नाही."

"सकाळपासून किती झाली?"

"थोडीशी."

त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र खाटेपाशी आणवलं. पडद्यावर मोठा काळा गोळा दिसत होता. त्या म्हणाल्या, "हे सगळं लघवीनं भरलेलं आहे. एवढी भरली तर माणूस तळमळतो. तुम्हाला कळलंसुद्धा नाही." नर्सनं नळी लावली. नळीची पिशवी भरली, बदलली, दुसरीही भरत गेली. आणि मला ओटीपोट रिकामं होताना असं हलकं वाटलं की रडू आलं. किती दिवस मी ते ओझं घेऊन फळ्यापुढे उभी होते.

पडदा सारून त्या यांना म्हणाल्या, "उद्याचं ऑपरेशन होणार नाही. मी भूल देणार नाही. हा त्रास पिशवीचा नाही वाटत मला. मणक्याचा वाटतो."

डॉक्टरीणबाईही आल्या. त्यांनी माझा पाय बघितला, सोनोग्राफी बघितली. मग म्हणाल्या, "बरं झालं थांबलो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्यांच्यावर कधी रागावू शकले नाही.

जिन्याजवळचं भांडण

त्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात एमआरआय झाला. मणक्याचे डॉक्टर वयस्कर होते. बोलणं मोजकं. त्यांनी फिल्म उजेडाला धरली आणि पेन्सिलीचं टोक एका जागी ठेवलं. मणक्यांच्या मधली गादी सरकून आत घुसली होती. तिथं मणक्याच्या नळीत खालच्या नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पायाला, लघवीला, संडासला हुकूम नेणाऱ्या नसा त्यातच. त्या चेंगरल्या होत्या. "लघवीची पिशवी भरल्याचा निरोपच वर पोचत नव्हता," ते म्हणाले. "आणि रिकामं हो म्हणून सांगणारा निरोप खाली येत नव्हता. लघवी मागे दाटून किडन्यांवर सूज आली आहे. ती उतरेल. पण नसांवरचा दाब आजच काढावा लागेल."

"लघवी पहिल्यासारखी होईल का?" मी विचारलं.

"आधी आला असता तर हो म्हटलं असतं. आता सांगता येत नाही."

बाहेर जिन्याजवळ हे आणि माय बोलत होते. मी खाटेवर होते, दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"पाठीले हात लावू देऊ नको देवा," माय यांना म्हणत होती. "तिगावचा तो मास्तर पाह्यला का? पाठीचं आपरेशन केलं अन् खाटेले लागला. उठलाच नाही."

"त्याचं वेगळं होतं माय."

"काय वेगळं? पाठ ते पाठ. पिशवीचं म्हनत होते सकाळी, आता मनक्याचं म्हनून राहिले. उद्या आनखी काही म्हनतीन. घरी चाल. सौंसरले तो मालिश करनारा आहे, तो बसवते गादी."

हे भिंतीकडे बघत राहिले. यांचा तो स्वभाव आहे. गावाचं पाणी वेळेवर सोडतील, पण घरात निर्णय घ्यायची वेळ आली की असेच उभे राहतात. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि रागही आला. मग मी त्यांना आत बोलावलं.

"सही कुठं करायची ते विचारा," मी म्हटलं. "मीच करते."

"छाया, माय म्हणते..."

"मायले मी सांगते. माझा अंगठा उचलून नाही राहिला. आता घरी जाऊन काय करू?"

माय आत आली. तिनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा आपल्या बोटांनी वर केला आणि सोडला. तो खाली पडला. तिनं पुन्हा वर केला, पुन्हा सोडला. मग पदरानं डोळे पुसले आणि खाटेच्या कडेला बसून बुद्धवंदना म्हणू लागली, विहारात म्हणते तशी, मोठ्या आवाजात. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं उशी सारून हात जोडले. मला आत नेईपर्यंत माय थांबली नाही.

वॉर्ड

शुद्ध आली तेव्हा पहिल्यांदा मी पाय हलवून बघितला. कळ गेली होती. इतक्या महिन्यांची सोबतीण अशी एकाएकी निघून गेली की अंगठा अजून उचलत नाही, हे मी थोडा वेळ विसरूनच गेले.

वॉर्डचं रोजचं रहाटगाडगं असं होतं. पहाटे फरशी पुसायची बाई यायची, फिनेलचा वास. मग चहा, पातळ पण गरम. मग दोन नर्स यायच्या आणि मला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळवायच्या, पाठ न वाकवता. त्यातली एक केरळची होती. हिंदी बोलायची आणि मला "टीचर" म्हणायची. माझ्या नळीला लावलेली पिशवी रिकामी करताना ती गाणं गुणगुणायची. मला तोंड लपवावंसं वाटू नये म्हणून ती तसं करत असावी, असं मला आज वाटतं.

बाजूच्या खाटेवर लोधीखेड्याची एक म्हातारी होती. मणका मोडून आलेली. तिची सून घरची म्हणून संत्री आणायची आणि आम्ही दोघी आडव्या पडून संत्री सोलायचो. साली छातीवर जमा व्हायच्या. म्हातारी म्हणायची, "मास्तरीन, आपल्या संत्र्याची सर नाही बाप्पा इथल्या संत्र्याले." ती संत्री नागपूरच्या बाजारातूनच आणलेली असायची, हे सून मला डोळ्यांनी सांगायची.

आणि एक दिवस हे माझ्याजवळ बसले असताना, ऑपरेशन झाल्यापासून कामापुरतंच बोललेला हा माणूस, नळीकडे बघत म्हणाला, "गावभराले पाणी सोडायची माझी ड्युटी, अन् घरचंच अडकून बसलं." म्हातारी आधी हसली. मग मी. टाके दुखत होते, तरी हसले. लग्नाच्या पहिल्या वर्षात हे असेच काहीबाही बोलून मला हसवायचे. मधल्या वर्षांत आम्ही दोघंही ते विसरलो होतो.

नळी काढून बघितली. मी बसले, नळ सोडला, वाट बघितली. थेंबही नाही. पुन्हा लावली. काही दिवसांनी पुन्हा काढली, पुन्हा तेच. मग त्या केरळच्या नर्सनं मला आरसा, साबण आणि बारीक नळी दिली आणि म्हणाली, "टीचर, अब मैं टीचर." स्वतःच्या हातानं नळी घालून लघवी काढायची. पहिल्या दिवशी तिनं माझे हात धरून ठेवले. जमलं तेव्हा तिनं मला पहिलीतल्या पोरासारखं "शाब्बास" म्हटलं. मराठीत. कोणाकडून शिकली होती कोण जाणे.

घर

घरी परत आले ती अंगणातल्या खाटेवरच. दिवसभर तिथे ऊन असे. कमरेला पट्टा, पायाला आधाराची पट्टी. रोज सौंसर रोडच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडम येऊन अंगठ्याचा व्यायाम घ्यायच्या.

अडचण अशी होती की मला लघवी लागल्याचं कळतच नसे. घड्याळ बघून नळी घालावी लागे. उशीर झाला तर पुन्हा दाटायची, आणि आता किडन्यांना जपायचं होतं. मी झोपायची, पुस्तकात रमायची आणि विसरायची. मग मायनं ते काम आपल्याकडे घेतलं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण आमचं घर रुळांपासून लांब नाही आणि जन्मभर तिनं गाड्यांवरच दिवस काढलेला. इटारसीकडची गाडी गेली की ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "छाया, गाडी गेली व. जा." नागपूरकडची आली की पुन्हा. मालगाड्या ती मोजत नसे. "तिचा काही भरवसा नाही," म्हणायची. गाडी लेट झाली की माझंही लेट व्हायचं, आणि माय रेल्वेवर वैतागायची.

नळी उकळायचं पातेलंही तिनं वेगळं ठेवलं होतं. त्यात दुसरं कोणी काही शिजवू नये म्हणून बुडाला रंगाचा ठिपका लावला होता. ते पातेलं अजून आमच्या घरी आहे. मी त्यात काहीच करत नाही.

सगळंच गोड होतं असं नाही. मीनलची बारावी होती आणि तिच्या अंगावर स्वयंपाक पडला. एक दिवस तिनं पोळपाट आपटला. म्हणाली, "सगळ्यांनी तुझंच पाहायचं का? माझं कोण पाहून राहिलं?" ती रडत बाहेर गेली आणि मी खाटेवरून उठूही शकले नाही. संध्याकाळी ती येऊन माझ्या पायाशी बसली आणि माझा अंगठा वर-खाली करू लागली. त्यानंतर ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन माझ्याच खाटेवर बसायची, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात माझा पाय. तसा अभ्यास करून ती चांगली पास झाली.

आणि नवरा-बायकोतलं. तेही सांगते, कारण ते कोणीच सांगत नाही. ज्या नसा लघवीच्या, त्याच तिथल्या स्पर्शाच्याही. हे बाहेरच्या खोलीत झोपू लागले. माझ्या पाठीला धक्का लागू नये म्हणून, असं म्हणत. ते खरंही होतं, पण पूर्ण नव्हतं. आम्ही दोघांनी खूप दिवस ते तसंच राहू दिलं. मग एका दुपारी घरात कोणी नसताना मी म्हटलं, "मले काही जाणवत नाही, म्हणून तुम्ही दूर राहून राहिले का?" ते म्हणाले, "तुले वाईट वाटेल म्हणून." त्या दुपारी आम्ही फक्त हात धरून बसलो. रात्री त्यांनी आपली उशी आत आणली.

मला विचारणाऱ्यांसाठी

माझ्या आजाराची गोष्ट पसरली, तशी लोकं यायला लागली. सौंसरचा तो मालिशवालाही एकदा भेटला. म्हणाला, "मॅडम, शुगर, दमा, दिल, सगळं मणक्यातूनच निघते. मी एकेक मणका बसवून देतो." मी फेरतपासणीला गेले तेव्हा मणक्याच्या डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, "सगळं मणक्यावर ढकलू नका. काही नसांचा आणि आतल्या अवयवांचा संबंध पक्का आहे, तुमचा होता. बाकी बऱ्याच गोष्टी लोक बोलतात, त्या सिद्ध झालेल्या नाहीत. आणि उलटंही असतं. किडनीचा खडा असला तरी कंबरच दुखते."

तेवढंच मी पुढे सांगते. कंबर सगळ्यांचीच दुखते आणि बहुतेकांची आपोआप बरी होते. पण कमरेबरोबर बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि सगळं सांगायचं. पायाचं वेगळं, पोटाचं वेगळं असं न करता. लाजेनं मी जे महिने घालवले, ते मला कोणी परत दिले नाहीत. माझा अंगठा आज अर्धाच उचलतो.

रामाकोना

पुढचा उन्हाळा गेला आणि मी शाळेत परत जायला लागले. पर्समध्ये नळी, साबण, छोटी बाटली. सवय झाली होती. आता असंच राहणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

पावसाळा सरताना दादानं रामाकोन्याला बोलावलं. त्यानं मजुरीतून पै पै जोडून थोडी जमीन वाढवली होती आणि तिच्यात संत्र्याची झाडं लावली होती. पहिल्यांदा फळ धरलं होतं. हिरवी, लिंबाएवढी. मी काठी टेकत दोन ओळींमधून चालत होते. जमीन ओली होती, चप्पल चिकटत होती. आई असती तर कुठल्या झाडाखाली बसली असती, याचा विचार करत होते. वहिनी मागून चहा घेऊन येत होती.

आणि एकाएकी ओटीपोटात काहीतरी झालं. मी थांबले. आधी वाटलं पोट दुखतंय. मग वाटलं, नाही. बारीकसं, ओढल्यासारखं, खूप जुन्या ओळखीचं. कोणी खूप लांबून नाव घेऊन हाक मारावी तसं. मी झाडाला धरून उभी राहिले. वहिनी घाबरली. "काय झालं ताई? चक्कर आली का?"

मी तिला काही सांगितलं नाही. पर्समधून फोन काढला आणि पांढुर्ण्याला लावला. हे ड्युटीवर असणार, मीनल कॉलेजात. मायनं उचलला. फोनवर बोलताना ती नेहमी ओरडायची, पलीकडचा माणूस बहिरा असल्यासारखी.

"कोन व?"

"माय, मी छाया. दादाच्या वावरातून बोलून राहिली."

"काय झालं? पडली का?"

"नाही माय." वहिनी चहाची किटली घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. "माय, मले लघवी लागली. आपोआप लागली. कळून राहिली मले."

पलीकडून मायनं नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि ती नेहमीपेक्षाही मोठ्यानं ओरडली,

"मग जा ना माय. मले काय फोन करून राहिली?"